घट उठल्यावर बघू

त्या सकाळी चार वर्षांच्या सायलीने आपली बाहुली मागच्या ओट्यावर आणून पोत्याच्या तुकड्यावर बसवली, तिच्यापुढे एक रिकामी वाटी ठेवली आणि मागे सरून आईला सांगितलं, "हिला शिवायचं नाही. हिला कावळा शिवलाय."

ज्योत्स्ना त्याच ओट्यावर, दुसऱ्या पोत्यावर जुनं वर्तमानपत्र वाचत बसली होती. तिला आधी हसू आलं. मग लेकीच्या तोंडाकडे पाहिल्यावर ते ओसरलं. पोरगी गंमत करत नव्हती. घरात जे दिसतं ते शहाण्या मुलीसारखं करत होती.

सत्त्याण्णव सालची ही गोष्ट. नाशिकच्या सिडकोतलं हे घर काही अडाणी माणसांचं नव्हतं. खंडेराव सातपूरच्या एका कारखान्यात फोरमन, मुलगा सोमनाथ बँकेत, सून ज्योत्स्ना मनमाडच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. घरात फ्रिज होता, फोन होता. आणि त्या फ्रिजला, फोनला हात न लावण्याचे सुनेचे महिन्यातले चार दिवसही होते.

त्या दिवसांत सगळं घर सासूबाई, म्हणजे वत्सलाबाई, एकहाती ओढायच्या. त्यांची स्वतःची पाळी दोन वर्षांपूर्वी गेली होती आणि त्याचं त्यांना मुळीच दुःख नव्हतं. दिराच्या हळदीला, पोराच्या बारशानंतरच्या पहिल्या दिवाळीला, सख्ख्या बापाच्या दहाव्याला त्यांनी बाजूला बसून दुसऱ्यांची लगबग पाहिली होती. आता देवघराचं दार त्यांना कायमचं उघडं झालं. "आता मी देवाच्या कामाची झाले," असं त्या शेजारणींना सांगायच्या आणि सांगताना पदर नीट करायच्या. नवरात्रात घट बसवायचा मान आजवर थोरल्या नणंदेचा होता. झुंबरबाई त्यासाठी लासलगावहून यायच्या. गेल्या वर्षी त्यांनी तो मान आपण होऊन भावजयीकडे दिला.

शरीर मात्र वत्सलाबाईंना सुख लागू देत नव्हतं. कणीक मळता मळता अंगातून एकदम वाफ निघाल्यासारखं व्हायचं, चेहरा लाल व्हायचा, पाठीवरून घामाचे ओघळ. त्या परात तशीच टाकून माठातलं पाणी मानेवर ओतून घ्यायच्या. झोप तर जवळजवळ गेलीच होती. डोक्याला रुमाल करकचून बांधून त्या कामाला लागायच्या.

"वय झालं की व्हतंच असं," खंडेराव म्हणायचे. "आमची आई नव्हती का भिंतीला डोकं लावून बसत? तरी नव्वद वर्सं जगली."

खंडेरावांना स्वतःला बीपी होतं, आणि त्या बीपीचा घरात पाहुण्यासारखा मान होता. त्यांची भाजी अळणी, वेगळ्या पातेल्यात. सकाळची गोळी वत्सलाबाई स्वतः त्यांच्या तळहातावर ठेवायच्या आणि ती गिळेपर्यंत तांब्या धरून उभ्या राहायच्या. दर महिन्याला दवाखान्यात त्यांच्याबरोबर जायच्या, बाहेरच्या बाकावर त्यांची पिशवी सांभाळत बसायच्या. आतून पट्ट्यातली हवा सुटल्याचा आवाज आला की झालं म्हणून उठायच्या. इतक्या वर्षांत तो पट्टा एकदा त्यांच्याही दंडाला बांधून बघावा, असं कुणाच्या मनात आलं नाही. त्यांच्याही नाही.

ते आलं ज्योत्स्नाच्या मनात. लेकीचा ताप, लेकीचं वजन, लेकीची शी, सगळ्यावर डोळा ठेवायची सवय लागलेली ही मुलगी. तिचा डोळा आता सासूच्या लाल होणाऱ्या चेहऱ्यावर अडकला. "आई, चला, बाईडॉक्टर आहे, लाजायचं काही नाही," असं म्हणत एक दिवस तिने त्यांना रिक्षात बसवलंच.

डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, तपासलं, पट्टाही बांधला. मग म्हणाल्या, "पाळी गेल्यावर शरीरातलं एक द्रव्य कमी पडतं, त्याचा हा ताप आहे. ते गोळीतून देता येतं. झोप येईल, वाफा थांबतील. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाकीट संपलं की मध्ये काही दिवस गोळी थांबवायची. त्यात पाळीसारखं थोडं जाईल, घाबरायचं नाही. आणि तुमचं प्रेशर आत्ताच काठावर आहे. या गोळीनं कुणाकुणाचं ते वाढतं. म्हणून दर महिन्याला इथं येऊन मोजायचं. डोकं जास्त दुखलं, पायांवर सूज दिसली, तर महिन्याचीही वाट बघायची नाही."

रिक्षात बसल्यावर वत्सलाबाईंनी एवढंच विचारलं, "म्हंजे ते परत सुरू व्हणार?"

"थोडंसं, आई. औषधाचं आहे ते, खरी पाळी नाही."

"देवाला काय कळतंय औषधाचं हाय का खरं हाय ते," वत्सलाबाई म्हणाल्या आणि बाहेर बघत राहिल्या.

पण गोळीने जादू केली. आठवडाभरात त्यांना झोप लागू लागली. एका सकाळी ज्योत्स्ना उठली तर स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू येत होतं. लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंचा हा आवाज तिने ऐकलाच नव्हता. "काय गं, भुतासारखी बघतेस," वत्सलाबाई म्हणाल्या. "चहा घे. काल कूस न बदलता झोपले मी."

पाकीट संपलं आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं झालं. योगायोग असा की ज्योत्स्नाचेही तेच दिवस होते. सासू-सून दोघी मागच्या ओट्यावर. आत खंडेराव पिठलं ढवळत होते आणि गुठळ्या फोडता फोडता ओरडत होते, "दोघींनी एकदम संप केला व्हय? युनियन काढली का तुम्ही?"

"मागण्या मान्य करा, मग उठतो," ज्योत्स्ना म्हणाली. वत्सलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. सायली दारात उभी राहून कुणाकडे जावं ते न कळून रडायला लागली, तेव्हा दोघींचं हसू थांबलं.

प्रेशर मोजायला जायचा दिवस नेमका त्यातच आला. "या अंगानं रिक्षात, दवाखान्यात चार लोकांना शिवत कुठं जाऊ? पुढल्या खेपेला जाऊ," वत्सलाबाई म्हणाल्या. ज्योत्स्नाने वाद घातला, पण तीही तेव्हा पोत्यावरच बसलेली होती. पोत्यावर बसून घातलेला वाद घरात पोचत नाही.

पितृपक्षात झुंबरबाई आल्या. बाजारसमितीत कांदा विकणाऱ्या घरातली बाई, बोलणं रोखठोक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पान जुळवलं आणि म्हणाल्या, "नातीचे दात पडायची येळ आली, आन् आजीला कावळा शिवतोय. लासलगावात सांगू का नको?"

"वन्सं, औषधाचं हाय ते."

"आसंल. पर घटाला कोण बसणार? वणीच्या आईपुढं तू आशी बसशील? मधीच झालं म्हंजे?"

खंडेरावांनी मान हलवली. "आक्का बरोबर बोलती. एक तर त्या गोळ्या बंद कर, न्हाय तर घट आक्काला दे. उगं घरावर काय यायला नको."

आयुष्यभरात वत्सलाबाईंना दोनच गोष्टी स्वतःच्या म्हणून मिळाल्या होत्या. एक घटाचा मान, आणि आता ही झोप. दोन्हींतली एक सोड असं त्यांचीच माणसं त्यांना सांगत होती. त्यांनी ठरवलं, एकही सोडायची नाही.

नवरात्राच्या आधी आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांत एक गोळी फार खपते. पाळी पुढे ढकलायची. बायका चिठ्ठीशिवाय मागतात, दुकानदार न विचारता देतो. अमावास्येच्या आदल्या दिवशी वत्सलाबाई भाजीची पिशवी घेऊन अशाच एका दुकानात उभ्या राहिल्या.

"सूनबाईसाठी ना?" दुकानदाराने विचारलं.

"हो, सुनेसाठी," त्या म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी ती गोळी सुरू केली आणि डॉक्टरीणबाईंचं पाकीट संपलं तरी मध्ये न थांबता दुसरं फोडलं. म्हणजे काही जायलाच नको. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. अशा गोष्टी सांगायच्या कुणाला, हेच त्यांना कधी कुणी शिकवलं नव्हतं.

घट बसले. परडीत काळी माती, मातीत धान्य, वर पाण्याने भरलेला घट, खुरासणीच्या पिवळ्या फुलांची पहिली माळ आणि शेजारी अखंड दिवा. घटी बसलेल्या बाईने सोवळ्यात राहायचं, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, दिवा विझू द्यायचा नाही, उपास धरायचा. वत्सलाबाई दिव्यापुढे घोंगडीवर बसल्या की त्यांचा चेहरा इतका समाधानी दिसायचा की ज्योत्स्नालाही बोलवेना. पण तिला दिसत होतं. पायातली जोडवी बोटात रुतली होती. दिव्यात तेल घालताना त्या एक डोळा मिटून घेत होत्या.

"आई, डोकं दुखतंय का?"

"उपास हाय. दुखायचंच."

"पाय बघा केवढे सुजलेत. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? उद्या दादांची बीपीची तपासणी आहे, तुम्हीही जा त्यांच्याबरोबर."

"दिवा कोण बघंल?"

"मी बघते."

"तुझी तारीख जवळ आली." त्या मायेने म्हणाल्या. "घट उठल्यावर बघू. दसऱ्याला जाऊ आपण दोघी."

ज्योत्स्नाने सोमनाथला सांगितलं. तो म्हणाला, "आता नवरात्रात नको गं वाद. घट उठल्यावर मी रजा काढतो." खंडेरावांनाही सांगून पाहिलं. "घट उठल्यावर," तेही म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मुलाच्या स्कूटरवर बसून आपलं बीपी मोजून आले.

मग ज्योत्स्नाने दवाखानाच घरी आणायचं ठरवलं. दोन घरं सोडून रोशनी राहायची. ती एका दवाखान्यात नर्स होती. संध्याकाळी ड्यूटीवरून येताना ती मोजायचं यंत्र मागून घेऊन आली. चपला बाहेर काढून, हातपाय धुऊन ती घटासमोर बसली. "काकू, हात द्या. एका मिनिटाचं काम."

वत्सलाबाईंनी हात पुढे केला होता. खरंच केला होता.

"थांब गं," झुंबरबाई आतून आल्या. "कुनाकुनाच्या दंडाला बांधलेला पट्टा हाय हा? आजारी, बाळंतीण, मयताच्या घरचे. आन् तू कुनाची गं, पोरी?"

रोशनीचा चेहरा उतरला. "आत्याबाई, असं काय विचारता?" ज्योत्स्ना म्हणाली. "पट्टा कापडाचा आहे. बाहीवरून बांधेल ती."

"सोवळ्यात हाय ती. घट उठला की बांधा म्हणावं, कोपरापासून खांद्यापर्यंत बांधा."

वत्सलाबाईंनी हात मागे घेतला. रोशनीकडे बघून ओशाळं हसल्या. "राग मानू नको, बाळ. दसऱ्याला ये. तुझ्यासाठी पुरणपोळी ठेवते."

रोशनीने पट्टा गुंडाळला. ज्योत्स्ना तिला फाटकापर्यंत सोडायला गेली आणि तिथे गज धरून उभी राहिली. सासूचा हात धरून ओढायला हवा होता, असं तिला वाटलं. पण हात धरायचा म्हणजे घट विटाळायचा, आणि मग घरात जे काही बिघडेल, पोरीला साधी सर्दी झाली तरी, ते तिच्या नावावर लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी तिची पाळी आली. ढकलायची गोळी तिने घेतली नव्हती. ती ओट्यावर गेली. सायलीने न सांगता आपली बाहुलीही तिथे आणून ठेवली.

अष्टमीचा दिवस. खंडेराव होमाचं सामान मांडत होते, झुंबरबाई माळ ओवत होत्या. परडीतले कोंब वीतभर वर आले होते, पिवळेजर्द. ओट्याच्या खिडकीतून ज्योत्स्नाला घट दिसत होता आणि वत्सलाबाईंची पाठ. त्या बुदलीतून तेल घालत होत्या. तेल दिव्यात पडत नव्हतं. दिव्याच्या शेजारी, पाटावर, जमिनीवर पडत होतं आणि त्या घालतच होत्या.

"आई," ज्योत्स्नाने हाक मारली.

वत्सलाबाईंनी मान वळवली. तोंडाची एक बाजू वळली, दुसरी वळली नाही. त्या काहीतरी बोलल्या. त्यात शब्द नव्हता.

ज्योत्स्ना उठली आणि आत आली. स्वयंपाकघर, देवघराचा उंबरा, रांगोळी, सगळं ओलांडत. "शिवू नको तिला," झुंबरबाई म्हणाल्या, पण तोवर ज्योत्स्नाने सासूला कवेत घेतलं होतं. अंगाचं ओझं सगळं एका बाजूला येत होतं. खंडेराव हातात समिधा धरून उभे. त्यांची नजर दिव्याकडे गेली, सुनेकडे गेली, मग बायकोकडे आली. तेवढा वेळ त्यांना लागला.

"दादा, रिक्षा," ज्योत्स्ना म्हणाली.

दवाखान्यात पहिली गोष्ट केली ती पट्टा बांधण्याची. नर्सने आकडा बघितला, पट्टा सोडला, पुन्हा बांधला. डॉक्टर धावत आले. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

"कुठलं औषध चालू होतं?" डॉक्टरांनी नंतर विचारलं.

ज्योत्स्नाला माहीत होतं ते तिने सांगितलं. कपडे बदलताना वत्सलाबाईंच्या कमरेची चंची निघाली होती. त्यात सुपारीबरोबर गोळ्यांची रिकामी पाकिटं होती, दोन जातींची. डॉक्टरांनी ती उलटून पाहिली. "या चिठ्ठीशिवाय मिळाल्या? दोन्ही एकदम घेत होत्या? प्रेशर शेवटचं केव्हा मोजलं?"

"गोळी सुरू केली त्या दिवशी," ज्योत्स्ना म्हणाली.

"नुसत्या गोळ्यांनीच झालं असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण प्रेशर एवढं असताना या चालू ठेवायला नको होत्या. मोजलं असतं तर लगेच बंद केल्या असत्या. आणि प्रेशरला काय, साधी रोजची गोळी असते." त्यांनी नाव सांगितलं.

खंडेराव खुर्चीत बसले. ती गोळी त्यांच्या घरात होती. देवघराशेजारच्या फळीवर, निळ्या डबीत. रोज सकाळी वत्सलाबाईंच्याच हाताने ती त्यांच्या तळहातावर पडत होती.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी वत्सलाबाई गेल्या. घट उठला तेव्हा त्या घरी नव्हत्या. दिवा कधी विझला ते कुणालाच सांगता आलं नाही.

दहाव्याला आलेल्या बायका एकमेकींत बोलत होत्या. सुनेनं त्या अंगानं शिवलं, भर अष्टमीला. ज्योत्स्नाने ते ऐकलं. पिंडाला कावळा लवकर शिवत नव्हता. जो पक्षी बायकांना आयुष्यभर नुसत्या नावाने बाजूला बसवतो, त्याचीच वाट बघत सगळे गोदेच्या काठी उन्हात उभे होते. शेवटी खंडेराव पुढे झाले आणि मान खाली घालून म्हणाले, "सायलीला त्या पोत्यावर कुणी बसवणार नाही. मी बसवू देणार नाही." मग कावळा आला. त्या शब्दाखातर आला की त्याला यायचंच होतं, ते ज्याचं त्याने ठरवावं. ज्योत्स्नाने घरी येऊन ते पोतं बंबात घातलं.

एक वर्ष गेलं. पुन्हा अमावास्या, पुन्हा परडी. झुंबरबाई लासलगावहून आल्या होत्या, वाळल्या होत्या. ज्योत्स्ना न्हाऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आज माझा दुसरा दिवस आहे. घट मी बसवणार आहे. कुणाला इथं बसायचं नसेल तर त्यांनी ओट्यावर बसावं, तिथं ऊन छान येतं."

सोमनाथने बापाकडे पाहिलं. खंडेराव उठले, मागे गेले आणि काळ्या मातीची पाटी घेऊन आले. "पाणी जरा कमी घाल," ते म्हणाले. "ती कमी घालायची."

ज्योत्स्नाने धान्य पेरलं, माळ बांधली, दिवा लावला. सायली तिच्या मांडीवर बसून सगळं बघत होती. मग दाराशी चपला वाजल्या. आळीतल्या बायका घटाच्या दर्शनाला येऊ लागल्या होत्या, आणि ज्योत्स्नाने प्रेशर मोजायचं यंत्र घेऊन आलेल्या रोशनीला घटाच्या शेजारीच पाट मांडून दिला होता. दर्शन घ्या, हात पुढे करा, मग प्रसाद. बायका कुजबुजल्या, एकमेकींकडे बघून हसल्या. पुढे कुणी येईना.

झुंबरबाई भिंतीचा आधार घेत उठल्या. रोशनीच्या पाटासमोर बसल्या. पोलक्याची बाही वर सरकवून त्यांनी सुरकुतलेला दंड पुढे केला.

"बांध," त्या रोशनीला म्हणाल्या. "मागल्या वर्षी तुला बोलले मी."

रोशनीने पट्टा बांधला. हवा भरत गेली, पट्टा आवळत गेला. झुंबरबाई त्या पट्ट्याकडे बघत होत्या.

"ज्योत्स्ना, त्या दिशी वत्सलेनं हात पुढं केला व्हता बघ. तवा तिचं किती भरलं असतं गं?"

"ते आता कळायचं नाही, आत्याबाई," ज्योत्स्ना म्हणाली.

हवा सुटली. रोशनीने आकडा सांगितला. झुंबरबाईंनी बाही खाली केली नाही, तशाच बसून राहिल्या. मग मागे वळून, दारात उभ्या राहिलेल्या बायकांना म्हणाल्या, "या गं एकेक. घट उठायची वाट बघू नका."